साठवलेला पासवर्ड कोणाच्या ताब्यात?

दिल्लीच्या उत्तर रिजवरील हिंदूराव या भागाला मराठी माणसाचे नाव मिळाले आहे. कागलच्या घाटगे घराण्यातले आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू असलेले हिंदूराव यांनी, विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यानंतर, टेकडीवरचे त्याचे घर विकत घेतले. १८५७ च्या लढाईत हेच घर इंग्रजांच्या फळीतले महत्त्वाचे ठाणे बनले आणि आज तेथे हिंदूरावांच्याच नावाने महापालिकेचे रुग्णालय चालते. टेकडीच्या पायथ्याशी असलेले मलकागंज, पलीकडचे कमलानगर आणि विजयनगर, तसेच आणखी उत्तरेचे मुखर्जीनगर हा सारा पट्टा विद्यापीठाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचा असून त्यांत महाराष्ट्रातून गेलेली मुलेही पुष्कळ असतात. पीजीच्या अनेक खोल्यांना मिळून एकच राउटर, मालकाच्या मर्जीने बदलणारा त्याचा पासवर्ड आणि जुन्या लॅपटॉपला पुन्हा चालते करण्यासाठी त्यावर घातलेली उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स प्रणाली, अशी या विद्यार्थ्यांच्या संगणकवापराची सर्वसाधारण मांडणी असते. याच मांडणीतून एक तक्रार वारंवार पुढे येते: वायफायचा पासवर्ड बरोबर आहे, तो आधी साठवलेलाही आहे, तरीही संगणक तो पुन्हा पुन्हा विचारतो, किंवा कालपर्यंत आपोआप जोडले जाणारे नेटवर्क आज जोडलेच जात नाही.

या तक्रारीवर बहुतेक जण करतात ते उपाय तीन: पासवर्ड पुन्हा टाकणे, नेटवर्कची नोंद पुसून नव्याने करणे आणि शेवटी संपूर्ण लिनक्स पुन्हा बसवणे. हे उपाय कधी लागू पडतात, कधी पडत नाहीत. लागू पडतात तेव्हाही दोष कोठे होता हे कळत नसल्यामुळे तो काही दिवसांनी परत येतो. वस्तुतः या तक्रारीचा उलगडा एका प्रश्नापासून सुरू होतो आणि तो प्रश्न पासवर्ड कोणता हा नसून पासवर्ड कोणाच्या ताब्यात आहे हा आहे.

लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपांवर नेटवर्क जोडण्याचे काम नेटवर्कमॅनेजर हा कार्यक्रम पाहतो. रेड हॅट या कंपनीने तो २००४ मध्ये सुरू केला. हा कार्यक्रम प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो, म्हणजे नेटवर्कचे नाव, सुरक्षेचा प्रकार, आपोआप जोडायचे की नाही असा तपशील जपतो. राउटरशी होणारी प्रत्यक्ष गुप्त बोलणी मात्र तो स्वतः करत नाही, तर बहुधा डब्ल्यूपीए सप्लिकंट या दुसऱ्या कार्यक्रमाकडे सोपवतो. पासवर्ड जपण्याच्या बाबतीत नेटवर्कमॅनेजरपुढे तीन मार्ग असतात. पहिल्या मार्गात पासवर्ड संपूर्ण प्रणालीच्या मालकीचा होतो आणि संगणकाच्या डिस्कवरील एका फाइलीत साध्या, वाचता येण्याजोग्या अक्षरांत लिहिला जातो. ही फाइल फक्त रूट, म्हणजे प्रणालीचा सर्वाधिकारी वापरकर्ता, उघडू शकतो. दुसऱ्या मार्गात पासवर्ड विशिष्ट वापरकर्त्याच्या मालकीचा होतो आणि त्याच्या कीरिंगमध्ये, म्हणजे किल्ल्यांच्या कुलूपबंद जुडग्यात, जातो. तिसऱ्या मार्गात तो कोठेच साठवला जात नाही आणि प्रत्येक वेळी विचारला जातो. जोडणीच्या नोंदीत या तीन स्थितींसाठी अनुक्रमे शून्य, एक आणि दोन असे आकडे असतात आणि संगणकाचे पुढचे सारे वागणे या एका आकड्यावर ठरते.

हा आकडा बदलण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही, परंतु तो बदलण्याची जागा सहज दिसणारी नाही. नेटवर्क जोडण्यांच्या संपादकाची खिडकी उघडून वायफायची नोंद निवडली आणि सुरक्षेच्या पानावर गेले की पासवर्डच्या चौकटीच्या अगदी उजव्या टोकाला एक लहानसे चिन्ह दिसते. त्यावर टिचकी मारल्यास पासवर्ड फक्त या वापरकर्त्यासाठी साठवावा, सर्व वापरकर्त्यांसाठी साठवावा, की दर वेळी विचारावा, असे पर्याय उघडतात. पुष्कळांना ते चिन्ह म्हणजे केवळ शोभा वाटते. पासवर्ड अचूक असूनही प्रत्येक वेळी विचारला जाण्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते की कधीतरी चुकून तिसरा पर्याय निवडला गेलेला असतो.

दुसऱ्या मार्गाच्या अडचणी अधिक गुंतागुंतीच्या आहेत आणि त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. ग्नोम या डेस्कटॉपवर वापरकर्त्याचे कीरिंग लॉगिनच्याच पासवर्डने कुलूपबंद केलेले असते, त्यामुळे लॉगिन करताना टाकलेला पासवर्ड आत जाता जाता जुडग्याचे कुलूपही उघडतो आणि वापरकर्त्याला दोन वेगळी कुलुपे आहेत हे जाणवतही नाही. ही सोय तीन प्रसंगी मोडते. संगणक आपोआप लॉगिन होईल अशी व्यवस्था केलेली असेल तर पासवर्ड टाकलाच जात नाही. बोटाच्या ठशाने लॉगिन केले तरीही तो टाकला जात नाही. आणि रूटच्या अधिकाराने लॉगिनचा पासवर्ड बदलला, तर कीरिंग मात्र जुन्याच पासवर्डने बंद राहते. तिन्ही प्रसंगी पडद्यावर कीरिंगचा पासवर्ड मागणारी चौकट उमटते आणि घाईतला वापरकर्ता तिला वायफायची चौकट समजून राउटरचा पासवर्ड टाकत राहतो. तो नाकारला जातो, कारण मागितले गेले होते ते वेगळेच. म्हणून चौकटीतला मजकूर पूर्ण वाचून, ती कोणत्या कुलुपाची किल्ली मागते आहे हे ठरवणे, ही या साऱ्या तपासाची पहिली पायरी ठरते.

लॉगिनचा पासवर्ड बदलल्यामुळे कीरिंग मागे राहिले असेल, तर सीहॉर्स नावाचा कार्यक्रम, जो पुष्कळ ठिकाणी ‘पासवर्ड्स अँड कीज’ या नावाने दिसतो, उघडून त्यातील लॉगिन या कीरिंगचा पासवर्ड बदलावा. आधी जुना टाकावा लागतो आणि मग सध्याचा लॉगिन पासवर्ड द्यावा, म्हणजे दोन्ही पुन्हा एकत्र चालू लागतात. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवर हेच काम केवॉलेट करतो. तेथे वॉलेटचा पासवर्ड लॉगिनशी जुळणारा असावा लागतो आणि वॉलेट जीपीजी पद्धतीने कुलूपबंद केलेले असेल तर ते लॉगिनबरोबर आपोआप उघडत नाही, एवढे लक्षात ठेवणे पुरेसे आहे. जुना पासवर्ड आठवतच नसेल तर कीरिंग उघडण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, आणि अशा वेळी कीरिंगची फाइलच पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सल्ला अविचाराने पाळण्यासारखा नाही. त्या जुडग्यात केवळ वायफायचा पासवर्ड नसतो. क्रोमसारखा ब्राउझर आपल्याकडे साठवलेले सर्व पासवर्ड ज्या किल्लीने बंद करतो, ती किल्लीही लिनक्सवर बहुधा तेथेच असते, आणि कीरिंग पुसले की ब्राउझरमधील पासवर्ड डिस्कवर असूनही कायमचे अवाच्य होतात. एका वायफायपायी हे नुकसान पत्करण्यापेक्षा फाइलीचे नाव बदलून ती बाजूला ठेवावी आणि जुना पासवर्ड आठवल्यास ती परत आणता येईल अशी सोय राखावी, हे कितीतरी शहाणपणाचे.

पीजीतील सामायिक संगणकासाठी किंवा वाचनालयातील संगणकासाठी पहिला मार्गच योग्य होय, कारण वापरकर्त्याच्या कीरिंगमधील पासवर्ड तो वापरकर्ता लॉगिन होईपर्यंत कोणालाच उपलब्ध नसतो. संगणक चालू झाला तरी लॉगिनच्या पडद्यावर नेटवर्क नसते आणि त्या संगणकाशी दुरून जोडणी करू पाहणाऱ्याला तो बंदच वाटतो. ग्नोमच्या सेटिंगमध्ये जोडणी इतर वापरकर्त्यांनाही उपलब्ध करण्याची एक खूण असते. ती केली की पासवर्ड प्रणालीच्या ताब्यात जातो आणि संगणक सुरू होतानाच जोडला जातो.

या सर्व बाबी पासवर्ड संगणकाच्या आत कोठे आहे याविषयीच्या झाल्या. परंतु पासवर्ड योग्य ठिकाणी, योग्य स्वरूपात असूनही तो पुन्हा मागितला जातो, आणि याचे कारण वायफायच्या रचनेतच आहे. घरगुती वायफायमध्ये पासवर्ड हवेतून कधीच पाठवला जात नाही. संगणक आणि राउटर हे दोघेही पासवर्डपासून एक गुप्त किल्ली स्वतंत्रपणे तयार करतात आणि चार संदेशांच्या देवाणघेवाणीत, जिला चौपदरी हस्तांदोलन म्हणता येईल, ती किल्ली आपल्याकडे आहे एवढेच एकमेकांना पटवून देतात. संगणकाने पाठवलेल्या दुसऱ्या संदेशाची पडताळणी जुळली नाही, तर राउटर ‘पासवर्ड चूक आहे’ असे उत्तर देत नाही. तो त्या संदेशाकडे दुर्लक्ष करतो, पहिला संदेश पुन्हा पाठवतो आणि काही प्रयत्नांनंतर जोडणी तोडतो. आता भिंतीआडच्या खोलीत सिग्नल क्षीण असल्यामुळे संदेश वाटेतच हरवला, तरी संगणकाच्या बाजूने चित्र जवळजवळ हेच दिसते. त्यामुळे चुकीचा पासवर्ड आणि हरवलेला संदेश यांत निश्चित भेद करणे संगणकाला शक्य होत नाही. सप्लिकंट हा कार्यक्रम अशा वेळी प्रणालीच्या नोंदवहीत जे वाक्य लिहितो त्याचा आशय हस्तांदोलन फसले, किल्ली चुकीची असू शकते, असा सावध असतो. पडद्यावरच्या चौकटीत मात्र ही सावधगिरी उरत नाही आणि वापरकर्त्यापुढे थेट पासवर्डची मागणी येते. पासवर्डवर संशय घेण्याआधी राउटरच्या जवळ जाऊन एकदा जोडून पाहावे, हा सल्ला म्हणूनच केवळ सवयीचा नसून त्याला तांत्रिक आधार आहे.

सुरक्षेच्या प्रकारातील फरकानेही असेच होते. डब्ल्यूपीए२ ही पद्धत २००४ मध्ये आली आणि डब्ल्यूपीए३ ही तिची पुढची आवृत्ती २०१८ मध्ये. मालकाने नवा राउटर आणून तो फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला, तर त्या पद्धतीला आवश्यक असलेले संरक्षण न येणारे जुने वायफाय कार्ड कितीही अचूक पासवर्ड असला तरी जोडले जात नाही, आणि उलट लॅपटॉपमधील नोंद केवळ डब्ल्यूपीए३ साठी जतन झालेली असेल तर डब्ल्यूपीए२ पुरत्या राउटरशी ती नोंद निकामी ठरते. राउटर दोन्ही पद्धती स्वीकारेल अशा मिश्र मांडणीवर ठेवणे आणि लॅपटॉपमधील नोंदीत सुरक्षेचा प्रकार तपासणे, हा त्यावरचा उपाय.

मराठी आणि हिंदी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला यापुढची एक अडचण येते, आणि ती रोमन लिपीत व्यवहार करणाऱ्यांना ठाऊकच नसते. नेटवर्कचे नाव जास्तीत जास्त ३२ बाइटचे असू शकते. रोमन अक्षराला एक बाइट पुरते, पण युनिकोडच्या रूढ मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला आणि अनुस्वाराला तीन बाइट लागतात. ‘हिंदूराव’ या नावात ह, वेलांटी, अनुस्वार, द, ऊकार, र, काना आणि व असे आठ घटक असल्याने ते २४ बाइटांत बसते. त्यापुढे जागा सोडून ‘वाडा’ हा शब्द जोडला की बेरीज ३७ होते आणि राउटर ते नाव स्वीकारू शकत नाही. शिवाय संगणकाच्या लेखी नाव म्हणजे केवळ बाइटांची ओळ असल्यामुळे ‘हिंदूराव’ आणि ‘हिंदुराव’ ही दोन पूर्णतः वेगळी नेटवर्के ठरतात: मालकाने राउटर बदलताना ऱ्हस्व-दीर्घाची अदलाबदल केली, तर पासवर्ड तोच असूनही साठवलेली नोंद त्या नेटवर्कला लागू होत नाही. गुप्त किल्ली तयार करताना पासवर्डमध्ये नेटवर्कचे नाव मिसळून ४०९६ फेऱ्यांचे गणित केले जाते आणि त्यातून २५६ बिटांची किल्ली निघते. त्यामुळे ज्यांनी पासवर्डऐवजी ही तयार किल्लीच, म्हणजे ६४ अंकाक्षरांची ओळ, फाइलीत लिहून ठेवली असेल, त्यांची किल्ली नावातील एका ऊकाराने रद्द होते.

याहून फसवा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. दिल्लीत सदर बाजारच्या बाजूला ‘बाड़ा हिंदू राव’ नावाची वस्ती आहे. त्यातील नुक्त्याचा ‘ड़’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एका प्रकारात तो एकच घटक असतो आणि तीन बाइट घेतो, तर दुसऱ्या प्रकारात तो ‘ड’ आणि सुटा नुक्ता असा दोन घटकांचा होऊन सहा बाइट घेतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. नेटवर्क उघडपणे दिसत असेल तर यादीतून निवडल्यामुळे अडचण येत नाही. पण मालकाने ते लपवलेले असेल आणि नाव हाताने लिहावे लागत असेल, तर मोबाइलच्या कळफलकावर लिहिलेले ‘बाड़ा’ आणि लॅपटॉपवर लिहिलेले ‘बाड़ा’ वेगळे निघू शकते, आणि नेटवर्क सापडतच नाही. नेटवर्कमॅनेजरची फाइल उघडून पाहिल्यास हा भेद पकडता येतो, कारण देवनागरी नाव त्या फाइलीत अक्षरांऐवजी अर्धविरामाने तोडलेल्या आकड्यांच्या रूपात लिहिले जाते. ‘हिंदूराव’ची सुरुवात तेथे २२४, १६४, १८५ अशी दिसते, आणि हे तीन आकडे म्हणजे ‘ह’. पासवर्डच्या बाबतीत नियम याहून कडक आहे: तो ८ ते ६३ रोमन अक्षरचिन्हांचाच असावा लागतो. कळफलक मराठीवर राहिला असेल तर अंकांच्या जागी देवनागरी अंक उमटतात आणि चौकटीत केवळ ठिपके दिसत असल्यामुळे चूक लक्षात येत नाही. टाकलेला पासवर्ड दाखवणारे डोळ्याचे चिन्ह एकदा दाबून पाहिले, तर शंकेला जागा उरत नाही.

महाविद्यालयांच्या आणि संशोधन संस्थांच्या नेटवर्कमध्ये एकच सामायिक पासवर्ड नसतो, तर प्रत्येकाचे वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड असतो. भारतात अर्नेट इंडियाच्या समन्वयाखाली चालणारी एज्युरोम सेवा या प्रकारात मोडते. येथे एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ ने अनेकांना कोड्यात टाकले, कारण तिच्यातील ओपनएसएसएल ३ या सुरक्षा-संचाने जुन्या पद्धतीच्या सर्व्हरांशी बोलणे थांबवले. कालपर्यंत चालणारा पासवर्ड प्रणाली अद्ययावत केल्याबरोबर निरुपयोगी वाटू लागला, प्रत्यक्षात त्याच्यात काहीच बिघडलेले नव्हते. रुग्णालये, हॉटेले आणि काही वसतिगृहे यांत जोडणीनंतर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावर जो पासवर्ड टाकावा लागतो, तो मात्र नेटवर्कमॅनेजरच्या हिशेबातच येत नाही. तो ब्राउझर साठवतो आणि त्याचा शोधही तेथेच घ्यावा लागतो.

जुन्या संगणकातील जोडण्या नव्या संगणकावर नेताना होणारा घोटाळा वेगळ्या जातीचा आहे. या फाइली ईटीसी फोल्डरमधील नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टिम-कनेक्शन्स या फोल्डरात असतात, आणि उबुंटू २३.१० पासून त्या प्रणालीत नेटप्लॅनच्या फोल्डरात. पेनड्राइव्हवरून त्या उतरवल्या की त्यांची मालकी आणि वाचनाचे अधिकार बदलतात. रूटची मालकी नसलेली किंवा इतरांना वाचता येणारी फाइल नेटवर्कमॅनेजर सुरक्षेच्या कारणावरून सरळ दुर्लक्षितो आणि नेटवर्क यादीतून नाहीसे झाल्यासारखे वाटते. मालकी रूटकडे देऊन, वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार फक्त त्याच्याकडे ठेवून, मग एनएमसीएलआय या आज्ञेद्वारे जोडण्या पुन्हा वाचायला लावाव्या लागतात. जुन्या वायफाय कार्डाचा पत्ता फाइलीत नोंदलेला असेल तर तोही काढावा. एकाच नेटवर्कच्या नावापुढे एक, दोन असे आकडे लागलेल्या अनेक नोंदी दिसत असतील, तर त्या आधीच्या फसलेल्या प्रयत्नांच्या आहेत असे समजून एक ठेवून बाकीच्या पुसाव्यात. त्यांतील एखादीत जुना पासवर्ड असतो आणि तीच नेमकी आपोआप जोडली जाऊ पाहते.

हिंदूराव परिसराचा मुक्त सॉफ्टवेअरशी संबंध जुना आहे. टेकडीच्या पूर्वेला सिव्हिल लाइन्समध्ये राजपूर रोडवर असलेल्या सीएसडीएस या समाजविज्ञान संस्थेने २००० मध्ये सुरू केलेल्या ‘सराय’ या उपक्रमाने मुक्त सॉफ्टवेअर आणि हिंदीतील संगणन हे विषय लवकर हाती घेतले होते. आपल्या भाषेत संगणक वापरणाऱ्यांना या प्रणालींची अंतर्गत रचनाही आपल्या भाषेत समजली पाहिजे, हा आग्रह तेथे जितका योग्य होता तितकाच तो मराठीतही योग्य आहे.

या रचनेचे एक अंग विद्यार्थ्यांनी विशेष जपायला हवे. प्रणालीच्या ताब्यातील पासवर्ड साध्या अक्षरांत असतो आणि फाइलीचे संरक्षण फक्त चालू असलेल्या लिनक्सपुरते असते. लॅपटॉप नेहरू प्लेससारख्या बाजारात दुरुस्तीला दिला किंवा विकला, आणि डिस्क कुलूपबंद केलेली नसेल, तर पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करून कोणालाही त्या फाइली वाचता येतात. साठवलेले प्रत्येक नेटवर्क, त्यात गावाकडच्या घराचे वायफायही, तेथे पासवर्डासह लिहिलेले असते. म्हणून लिनक्स बसवतानाच संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय निवडावा. तो निवडला नसेल आणि लॅपटॉप हातावेगळा झाला असेल, तर फाइली पुसल्या होत्या या विश्वासावर न राहता घरच्या राउटरचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.